समासातलं रोम

परवा माझ्या भाचीच्या मुलीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. कॉलेजात तिला प्राचीन रोमचा पेपर आहे. ‘नानी, रोमन समाज समजायला काय काय वाचू? पटकन यादी पाठव, चार-पाच पुस्तकं पुरेत.’ यादी मला तोंडपाठ आहे. गेली कित्येक वर्षं मी ती माझ्या विद्यार्थ्यांना देत आले, त्यात नवी पुस्तकं घालत, जुनी काढत. पण यादीतल्या चौथ्या नावापाशी आले की अजून मी अडखळते. परवाही फोनवर टाइप करता करता अंगठा तिथेच थांबला. साठी उलटलेल्या, निवृत्त झालेल्या बाईला एका पुस्तकाच्या नावाने घाम फुटावा याचं मलाच हसू आलं. काळजी करणं हा माझा जन्माचा धंदा आहे, पण तिची खरी सुरुवात त्या चौथ्या पुस्तकापासून झाली, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

आमचं घर कोल्हापुरात, सोमवार पेठेत. पुढे अब्बांचं बाइंडिंगचं दुकान, मागे दोन खोल्या आणि मोरी. मध्ये भिंत होती, पण तिचा फारसा उपयोग नव्हता. कटिंग मशीनचं चाक फिरायला लागलं की फडताळातल्या बशा वाजायच्या. आधी चाकाची घरघर, मग पातं कागदात उतरताना खच्च, आणि मग कातरण खाली पडल्याची सळसळ. या तीन आवाजांत मी अभ्यास केला, झोपले, तापाने फणफणले. वास मात्र पुस्तकं चिकटवायच्या खळीचा. अम्मा रोज सकाळी चहा उतरवला की त्याच स्टोव्हवर खळीचं पातेलं चढवायची. मैदा, पाणी, आणि कीड लागू नये म्हणून मोरचुदाची चिमूट. पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि त्यांना हात लावला तर पाठीत धपाटा ठरलेला, कारण मोरचूद म्हणजे विष. तरी मैदा शिजताना असा काही वास सुटायचा की मला सकाळी सकाळी कडकडून भूक लागायची. चहात पाव बुडवून खाताना मी त्या पातेल्याकडे बघत बसायचे. आजही कुणाच्या लग्नात आचारी शिरा ढवळत असला की मला आधी पुस्तकंच आठवतात.

अब्बांकडे काम दोन ठिकाणांहून यायचं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांची जाडजूड रजिस्टरं आणि कॉलेजांच्या लायब्रऱ्यांतली फाटकी पुस्तकं. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस दिवसभर इंग्रजी पुस्तकं हाताळायचा आणि त्यांना त्यांच्या दुखण्यांवरून ओळखायचा. हे पाठ मोडलेलं, ते शिलाई सुटलेलं, ते उंदराने खाल्लेलं. त्यांचे दोन नियम होते. दुरुस्त केलेलं पुस्तक तिन्ही बाजूंनी कापून सरळ केल्याशिवाय दुकानाबाहेर जायचं नाही. कडा न मारलेलं पुस्तक गिऱ्हाइकाला देणं म्हणजे अर्धी दाढी करून माणसाला खुर्चीतून उठवणं, असं ते म्हणायचे. दुसरा नियम लायब्ररीवाल्यांनी घालून दिलेला. पोरं पुस्तकात पेन्सिलीने काहीबाही लिहितात, ती घाण पुसून द्यायची. संध्याकाळी अब्बा मांडीवर पुस्तक घेऊन रबर चालवत बसायचे. बदामाची चित्रं, मुलींची नावं, ‘हे परीक्षेत येणार’ अशा खुणा, सगळं पुसायचे आणि पोरांना मनसोक्त शिव्या घालायचे. या कामाचे वेगळे पैसे मिळत नव्हते, पण स्वच्छ पान बघून त्यांना बरं वाटायचं.

कांबळे सर आम्हाला बी.ए.ला इतिहास शिकवत. वर्गात अगदी छापील मराठी बोलणारे सर वर्गाबाहेर पडले की आपल्या गावचे, मुरगूडचे व्हायचे. एकदा तास संपल्यावर मी धीर करून विचारलं, “सर, रोमवर काय वाचू?”

“परीक्षेला का समजायला?”

“समजायला.”

“मग थांब.” त्यांनी कसल्याशा नोटिशीच्या पाठीमागे सात ओळी लिहून दिल्या. “ह्या क्रमानं वाचायचं. क्रम मोडायचा न्हाय. राजं शेवटाला. आधी घर बघ, चूल बघ, कोण कुणाच्या दारात उभा ऱ्हातोय ते बघ. मग राजा कळतोय. पुस्तकं हितल्या लायब्ररीत न्हाईत, माझ्याकडं हाईत. एक न्यायचं, वाचायचं, शनवारी घरी आणून द्यायचं. सात झाली की मग एम.ए.चं बोलू.”

यादीत पहिलं पुस्तक नव्हतंच. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘टाउन हॉलातली मूर्ती’. ब्रह्मपुरीच्या टेकाडात खणताना सापडलेली रोमन समुद्रदेवाची काशाची मूर्ती, वीतभरसुद्धा नाही. मी आणि अब्बा रविवारी टाउन हॉलच्या संग्रहालयात ती बघायला गेलो. अब्बांनी काचेला नाक लावलं. “वतीव काम झ्याक हाय,” ते म्हणाले. “पण ह्यो कोल्हापुरात कशाला आलता?”

“व्यापाऱ्यांसंगं आला आसंल.”

“म्हंजी त्यास्नी पण धंदा हुता.” त्यांना एकदम रोमन लोक ओळखीचे वाटायला लागले असावेत. घरी येताना म्हणाले, “नसीम, त्यांच्यात बाइंडर हुतं का?”

“पुस्तकं न्हवती अब्बा. लव्हाळ्याच्या कागदाच्या लांब गुंडाळ्या करत हुते.”

“गुंडाळी तरी कुणीतर चिकटवीतच आसंल की.” ते महिनाभर अधूनमधून विचारत राहिले, सापडला का बाइंडर म्हणून.

ही यादी माझ्यासाठी नुसती यादी नव्हती. नेसरीच्या माझ्या फुफीने, म्हणजे अब्बांच्या बहिणीने, माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता, मला त्याच्याबद्दल तक्रार नव्हती, मला फक्त शिकायचं होतं. अब्बा बहिणीला नाही म्हणू शकत नव्हते आणि मलाही नाही म्हणू शकत नव्हते. शेवटी त्यांनी तिला सांगून टाकलं, “सरांनी सात पुस्तकांची यादी दिलीया. ती संपू दे, मग बघू.” त्यांनी हे का केलं, हे त्यांना तरी नीट माहीत होतं का कोण जाणे. पण तेव्हापासून त्या नोटिशीच्या तुकड्यावर माझं सगळं आयुष्य लटकलेलं होतं. यादी चालू आहे तोवर मी शिकते आहे, आणि सरांनी मध्येच पुस्तकं द्यायची बंद केली तर नेसरीचा टांगा दारात उभा, असा माझा सरळ हिशेब होता.

दुसरं पुस्तक घरं, रस्ते आणि भाकरीचं. रोममध्येही रस्त्याला तोंड करून दुकान आणि मागे, नाहीतर वर माळ्यावर, दुकानदाराचं बिऱ्हाड असायचं, हे वाचून मी अम्माला आमच्याच घराचं चित्र काढून दाखवलं. तिसरं बायका-मुलांचं. आणि चौथं गुलामांचं, म्हणजे गुलाम आणि त्यांतून मोकळे झालेले लोक यांचं. ते देताना सर जरा घुटमळले. “ह्येला जपून,” एवढंच म्हणाले. घरी येऊन उघडलं तेव्हा कारण कळलं. पानांच्या बाहेरच्या बाजूचा समास वरपासून खालपर्यंत मुंगीएवढ्या अक्षरांनी भरलेला होता. पेन्सिलीने, आणि मराठीत. सर त्या इंग्रजी पुस्तकाच्या कडेकडेने आपलं मराठी पुस्तक लिहीत होते. मी मूळ मजकूर सोडून आधी तेच वाचायला बसले. थडग्यांवरचे लेख रस्त्याने जाणाऱ्या वाटसरूला हाक मारून थांबवतात, असं पुस्तकात होतं, आणि शेजारी सरांनी लिहिलं होतं, ‘पावणं, जरा थांबा, एवढं वाचून जावा.’

त्या पुस्तकाची पाठ मोडली होती. अब्बांच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. “नसीम, ह्येची पाठ गेलीया की.”

“ऱ्हाऊ द्या अब्बा, सरांचं हाय.”

“म्हणूनच म्हणतोय.” मी हसले आणि विसरले. तिथेच बोलायला हवं होतं. या समासात सर लिहितात, हात लावू नका, एवढं एक वाक्य. पण मला वाटलं, त्यांनी ऐकलं.

पुढच्या आठवड्यात नेसरीला चुलत बहिणीचं लग्न होतं. अम्मा आणि मी दोन दिवस गेलो, अब्बा कामासाठी मागे राहिले. पुस्तक मी वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवलं. लग्नात दालचा-खाणा उत्तम झाला होता, पण फुफी दर घासाला माझ्याकडे बघत विचारायची, “कितवं चाललंय?” “चौथं,” मी म्हणायचे. “म्हंजी निम्मं झालं,” असं म्हणून ती माझ्या ताटात आणखी एक मटणाचा तुकडा वाढायची. मला तो गिळवेना.

परत आलो तेव्हा अब्बा दारातच उभे होते. हात मागे बांधलेले, तोंडावर लहान मुलासारखं हसू. “डोळं झाक,” म्हणाले. मी झाकले. हातात जड, गुळगुळीत काहीतरी आलं. मरून रंगाचं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, आरशासारख्या सरळ कडा. एक क्षण मला खरंच कळलं नाही की हे कुठलं पुस्तक आहे. मग कळलं.

“जुजबंदीची शिलाई नव्यानं केलीया. शंभर वरसं हलायची न्हाय,” अब्बा सांगत होते. “कडा लई कुजल्या हुत्या, म्हणून बोटभर जास्त मारल्या. आणि पोरांनी लई घाण केलती गं. बिचाऱ्या सरांच्या इंग्लिश पुस्तकात मराठीत कायबाय लिवून ठेवलंतं. तीसेक पानं रबरानं साफ केली, मग रबर संपलं. म्हटलं, ऱ्हायलेलं कटिंगमधी जाईलच.”

मी पान उघडलं. ‘णं, जरा थांबा, एवढं वाचून जावा.’ ओळींची सुरुवात कापली गेली होती. उलटलं, तर तिथे ओळींचे शेवट गेलेले. पहिली तीस पानं पांढरीशुभ्र.

“आवडलं न्हवं?” अब्बांनी विचारलं.

“व्हय की,” मी म्हणाले. “लई झ्याक झालंय.” दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी आयुष्यात कुणासाठी फुकट सोनेरी अक्षरं मारली नव्हती. सरांचे उपकार कसे फेडायचे, हे त्यांनी दोन दिवस आपल्या हातांनी सांगितलं होतं, आणि त्याच हातांनी सरांचं पुस्तक संपवलं होतं. मला रडू येत होतं आणि ते रडणं कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. मी मोरीत जाऊन पाय धुतले, पुन्हा पुन्हा धुतले.

शनिवार तीन दिवसांवर होता. आणि अब्बा म्हणाले, “मी पण येतो. सरांचं तोंड बघायचंय मला, पुस्तक बघताना.” मी खोटं बोलले. सर मुरगूडला गेलेत, पुढच्या शनिवारी येतील. मग कॉलेजात जाऊन सरांशी खोटं बोलले. ताप आला होता, थोडं वाचायचं राहिलंय, आठवडाभर देता का? सर म्हणाले, “सावकाश वाच.” त्या सावकाशने माझा जीव आणखी वर आला. घरात भाकरी थापताना, बसस्टॉपवर, वर्गात सरांसमोर बसलेली असताना, माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पुढच्या शनिवारी काय? फाटलं म्हणावं, हरवलं म्हणावं, पावसात भिजलं म्हणावं? पाऊस तर नव्हता.

कातरण मशीनखाली पोत्यात जायची आणि पोतं भरलं की रद्दीवाला न्यायचा. पोतं भरायला आलं होतं. मंगळवारी अब्बा सायकलवर रजिस्टरं लादून शिरोलीला गेले, अम्मा शेजारी गेली, आणि मी पोतं मागच्या खोलीत ओढत नेऊन उपडं केलं. ज्याने बाइंडरचं दुकान पाहिलं नाही त्याला ते काय होतं हे कळणार नाही. हजारो पट्ट्या, बोटभर रुंद, पानाएवढ्या लांब. मशीनखाली पडतात तेव्हा त्या पानांच्याच क्रमाने पडतात, पण झाडूने पोत्यात गेल्या की सगळा काला. पांढऱ्या रजिस्टरच्या, लायब्ररीच्या आणि सरांच्या. सरांच्या पिवळसर होत्या, एवढाच आधार. एका बाजूला उजव्या पानावरच्या ओळींचं शेपूट, दुसऱ्या बाजूला डाव्या पानावरच्या ओळींचं डोकं. पट्टी पानाच्या कडेला लावायची, अर्धा ‘म’ अर्ध्या ‘म’ला जुळतो का बघायचं, नाही जुळला तर दुसरी. पहिल्या दिवशी मला तीन जुळल्या. मी सगळ्या पिवळ्या पट्ट्या माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली भरल्या आणि पोतं पुन्हा होतं तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी रद्दीवाला येऊन ते घेऊन गेला, आणि त्याची हातगाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी दारात उभी होते, एखादी पिवळी पट्टी त्यात राहिली असेल या धास्तीने.

पुसलेल्या पानांची युक्ती अचानक सापडली. सर पेन्सिल दाबून लिहायचे. सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप यायची तेव्हा पान तिरकं धरलं की अक्षरांचे खोलगट वळ दिसायचे. अर्धा तास, ऊन सरळ होईपर्यंत. मी एका वहीत उतरवत गेले. मान अवघडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि कानात सारखा अब्बांच्या चपलांचा आवाज. आता विचार करते तेव्हा वाटतं, मी पुढे जन्मभर शिकवलं ते रोम त्या दहा दिवसांत शिकले. एकेका ओळीसाठी एवढा जीव टाकल्यावर ती विसरणार कशी? मोकळा झालेला गुलाम जुन्या धन्याचं नाव लावायचा. मोकळा झाला तरी सकाळी धन्याच्या दारात मुजऱ्याला जायचा. या ओळीच्या शेजारी, पट्टी आणि पान जुळवल्यावर, सरांचं वाक्य तयार झालं: ‘माझा आजा पाटलाच्या दारात असाच उभा राही. बस म्हणायचं कुणाच्या मनातही येत नसे.’

आणि एका सकाळी, पुसलेल्या पानांपैकी एकावर, वळांतून हळूहळू ही ओळ वर आली: ‘गुंडाळ्या चिकटवणारे वेगळे कारागीर, पुष्कळदा गुलाम. खळ: मैदा, उकळतं पाणी, थोडा शिरका.’ शिरका, म्हणजे व्हिनेगर. अब्बांचा बाइंडर सापडला होता. त्याला अब्बांनीच रबराने पुसलं होतं. त्यांना हे कसं सांगू, आणि सांगितल्याशिवाय राहू कशी, या कात्रीत मी दिवसभर जेवले नाही.

शुक्रवारी दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले की तासभर येत नाहीत, म्हणून मी ट्रंक उघडून पट्ट्या जमिनीवर पसरल्या. त्या दिवशी ते लवकर आले. मी पट्ट्यांच्या मधोमध बसले होते. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, माझ्या हातातली वही पाहिली, रेक्झिनचं पुस्तक पाहिलं.

“ही कातरण कशाला मांडलीस?”

मी वही मिटली.

ते वाकले. एक पट्टी उचलून त्यांनी चश्म्याजवळ नेली. मराठी अक्षरं, एकेक करून वाचली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “ही पोरांनी लिवलेली न्हवती व्हय?”

“न्हाय अब्बा.”

“सरांनी लिवलेली.”

“व्हय.”

ते तिथेच, जमिनीवर बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, अंगठ्याला अजून डिंक लागलेला होता, तो ते खरवडत राहिले. अम्माने दोनदा जेवायला बोलावलं. “सर इंग्लिशचं शिकल्यालं माणूस,” ते एकदाच म्हणाले. “इंग्लिशमधीच लिवतील आसं मला वाटलं.” मग उठले, त्यांनी दुकानाची फळी लावली आणि पुन्हा त्या दिवशी उघडली नाही.

शनिवारी आम्ही राजारामपुरीत सरांच्या घरी गेलो. वाटेत मी म्हणाले, “मी एकटी जातो अब्बा, मी सांगतो.” कोल्हापुरात आम्ही बायकाही जातो-येतोच म्हणतो. अब्बा पुढेच चालत राहिले. पुस्तक त्यांनी धुतलेल्या रुमालात बांधून छातीशी धरलं होतं. सरांनी दार उघडलं तेव्हा ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

“सर, तुमचं पुस्तक मी कापलं. पोरीचा काय दोष न्हाय.”

सरांनी पुस्तक घेतलं. पहिली पानं उलटली, मग मधली. अंगठा कडेवरून फिरवला. बैठकीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, मी तिच्याकडे बघत राहिले, कारण सरांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

“पंधरा वरसं लिवत हुतो ह्यात,” सर म्हणाले. “दुसरीकडं कुठं न्हाय.”

“मला म्हाईत न्हवतं.”

“विचारायचं तरी!” त्यांचा आवाज एवढा चढला की त्यांच्या मिसेस आतून बाहेर आल्या. अब्बांनी मान खाली घातली. ते उंबऱ्याबाहेर, हात पुढे बांधून, तसेच उभे होते. सरांनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, अब्बांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. “बसा, हसनभाई,” ते म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या सर.”

“आत या आणि बसा म्हणतोय न्हवं!” हे ते जवळजवळ खेकसलेच. “माझ्या दारात कुणी आसं उभं ऱ्हायचं न्हाय.”

अब्बा आत येऊन खुर्चीच्या कडेला बसले. त्यांना वाटलं, सर फार रागावलेत. सरांच्या आज्याची ती ओळ मी जुळवली होती, म्हणून मला ठाऊक होतं की राग वेगळा होता. चहा आला, कुणी प्यायलं नाही. मी वही आणि पट्ट्यांची पिशवी सरांसमोर ठेवली. त्यांनी वही उघडून दोन-तीन पानं बघितली, मिटली. “पाचवं पुस्तक आज न्हाय,” एवढं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. मिसेसनी आम्हाला दारापर्यंत पोचवलं.

त्यानंतरचे चार शनिवार मला अजून आठवतात. दुपारी तीनला मी तयार होऊन बसायचे, कुठे जायचं नसताना. सर वर्गात शिकवत, माझ्याकडे बघत नसत, किंवा मलाच तसं वाटे. नेसरीहून फुफीचं पत्र आलं, मुलाकडची माणसं बघायला यायचं म्हणतात, यादी संपत आली असेल. अब्बांनी पत्र वाचून खिळ्याला अडकवलं, उत्तर लिहिलं नाही. दुकानात ते आता प्रत्येक पुस्तकाचं पान न् पान उजेडात धरून बघायचे, आणि मगच पात्याखाली घालायचे. काम निम्म्यावर आलं. एका लायब्ररीने विचारलं, एवढा वेळ का लागतो, तर म्हणाले, “वाचतोय.” मी रात्रंदिवस मनात म्हणत असे, झालं, संपलं, आता नेसरी.

पाचव्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, अम्मा खळ ढवळत असताना सर दुकानात आले. काखेत मरून पुस्तक आणि माझी वही, हातात पिशवी. अब्बा चटकन उठले आणि त्यांनी स्टूल पुढे केलं. सर बसले, आणि वही उघडून म्हणाले, “हसनभाई, तुम्ही काय पुसलंत म्हाईत हाय?”

अब्बांचा चेहरा उतरला.

“ऐका.” आणि सरांनी ती खळीची ओळ वाचून दाखवली. मैदा, उकळतं पाणी, थोडा शिरका. आत अम्माची पळी थांबली.

“शिरका?” अब्बा म्हणाले. “मोरचूद न्हाय?”

“न्हाय. शिरका.”

“आणि टिकत हुती?”

“काय काय ठिकाणी दोन हजार वरसं टिकलीया.”

अब्बांनी आतल्या दाराकडे पाहिलं, अम्माने अब्बांकडे. मग सरांनी कामाचं सांगितलं. “ह्ये पुन्हा उसवायचं. दर पानामागं एक कोरं पान घालायचं. दर पानामागं. ह्या समासात आता जागा ऱ्हायली न्हाय, आणि माझी नजर पण पयल्यासारखी न्हाय. हिनं जेवढं जमवलंय तेवढं हीच कोऱ्या पानांवर उतरवंल. जे गेलंय ते मी आठवंल तसं सांगीन, न्हाय आठवलं तर हिनं वाचून शोधायचं. एम.ए.ला दुसरं काय करत्यात?” आणि पिशवीतून त्यांनी पाचवं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. अम्माने पाठीवर हात ठेवला, खळीचाच हात.

“कडा?” बाहेर अब्बा विचारत होते.

“कडा तशाच ठेवा.”

अब्बांनी तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. अम्माकडून त्या पुस्तकापुरती शिरक्याची खळ करून घेतली. पुस्तक दुप्पट जाड झालं, आणि जुनी पानं आखूड, नवी रुंद, अशी त्याची कड वेडीवाकडी झाली. आज ते माझ्या कपाटात आहे. भाचीच्या मुलीला मी कळवलं आहे, बाकीची कुठेही मिळतील, चौथं वाचायला माझ्या घरी यावं लागेल. सरांचं मराठी पुस्तक कधी छापून आलं नाही, पण जेवढं आहे तेवढं त्या कोऱ्या पानांवर आहे, काही त्यांचं आणि काही माझं. फुफीला उत्तर अब्बांनी त्याच आठवड्यात पाठवलं. त्यात एकच ओळ होती, यादी दुप्पट झाली आहे.

तयार पुस्तक अब्बांनी माझ्यासमोर ठेवलं तेव्हा त्यांचा हात कडेवरून फिरत होता. न मारलेली कड त्यांना सोसवत नव्हती, ते दिसत होतं. मी पहिलं कोरं पान उघडलं. सगळ्यात आधी काय लिहायचं, हे मी ठरवून ठेवलं होतं. ‘गुंडाळ्या चिकटवणारे वेगळे कारागीर,’ असं लिहायला मी पेन्सिल टेकवली, आणि अब्बांनी माझं मनगट धरलं. खिशातलं बिलं करायचं पेन काढून त्यांनी माझ्या बोटांत दिलं.

“शाईनं लिव,” ते म्हणाले.